पटावर तीन नवी नावं

सकाळी ६:१०
गोपूजच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, ओढ्याकाठी ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्यात. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, तिच्यावर पाचट. शाळेच्या बाई गाडी कडेला लावून खाली उतरतात. टोळीतल्या बाकीच्या बैलगाड्या अंधारातच फडाकडं गेल्या. एकच मागं राहिलीय, बैलाचा नाल निघालाय म्हणून. नवरा बैलाचा खूर धरून बसलाय. बायको भाकरी फडक्यात बांधतेय. आज नाल निघाला म्हणून गाठ तरी पडली. एरवी ही माणसं दिवेलागणीपर्यंत सापडत नाहीत.

नोव्हेंबर चाललाय, गळीत नुकतंच सुरू झालंय. माणसं बीडकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता. टनाला ३६६ रुपये, दिवसाकाठी दोघांचे दीड-दोन टन. हंगामाआधी घेतलेली उचल यातूनच फिटायची.

“थोरलीला आणि धाकट्याला आज शाळेत पाठवा.”

“अन् लेकराला कोण सांभाळील?” कोपीत गोधडीवर दीड वर्षाचं बाळ झोपलंय.

“तिलाच घेऊन येऊ द्या बरोबर. शाळेत झोपेल.”

आई नवऱ्याकडं बघते. तो मान न वळवता म्हणतो, “जाऊ दे.”

मग पत्र्याची पेटी उघडते. प्लास्टिकच्या पिशवीत आधारच्या झेरॉक्स, रेशनकार्ड आणि पोरीचं शिक्षण हमी पत्रक. गाव सोडताना मूळ शाळा हे पत्रक देते. मूल कितवीत आहे, काय येतं, काय राहिलंय, ते त्यावर लिहिलेलं असतं. पोराचं पत्रक मात्र निघायच्या गडबडीत राहून गेलंय. आईचा चेहरा पडतो. “असू दे, त्यावाचून अडत नाही,” म्हणत बाई पोरीच्या पत्रकाचा फोटो काढून घेतात.

सकाळी ९:२०
वस्तीवरच्या एका घरी आजोबा वाट बघत उभे आहेत. मुलगा तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात आहे, जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या. खटाव-माण आणि खालच्या अंगाला विटा-आटपाडी, या सगळ्या पट्ट्यातली घरंच्या घरं या धंद्यामागं देशभर पांगलीत. त्याच धंद्यातल्या घरातला हा नातू. दिवाळीला आला तो आजी-आजोबांकडंच राहिला.

“मराठी बोलतोय की झ्याक,” आजोबा म्हणतात. “वाचता तेवढं येत न्हाई.”

पोरगं चौथीचं. पायात पॉलिश केलेले काळे बूट. हातात इंग्रजीत छापलेला शाळा सोडल्याचा दाखला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. बाई दाखल्यावरचा पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नंबर, तेवढा वहीत उतरवून घेतात.

सकाळी १०:०५
औंधच्या अलीकडची ही जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट २२. यमाईचा डोंगर पटांगणातून समोरच दिसतो.

शेडमध्ये मावशी तांदूळ निवडतायत. माणशी १०० ग्रॅमचा हिशेब. “आज तीन वाढलेत,” बाई सांगतात. मावशी आणखी ३०० ग्रॅम काट्यावर घालतात. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि सरपण मिळून एका पोरामागं दिवसाला सात रुपयेही येत नाहीत. त्यात वरण पातळ होतं, पण भात कमी पडू द्यायचा नाही हे मावशींचं ठरलेलं. त्यांचं स्वतःचं मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही कधी दोन महिन्यांचं एकदम येतं.

बाई कपाट उघडतात. तळच्या खणात जुने गणवेश, धुऊन घडी घातलेले. सरकारी गणवेश जूनच्या पटाप्रमाणे येतात. नोव्हेंबरात येणारं पोर त्या हिशेबात बसत नाही. म्हणून चौथी पास होऊन जाणाऱ्या पोरांना बाई आधीच सांगून ठेवतात, अंगाला होईना तो शर्ट इथं आणून द्या.

सकाळी १०:३०
परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका. थोरली दारात उभी, कडेवर बाळ, मागं भाऊ. प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहे, ओठ हलतायत. गलाईवाल्याचं पोरगं नुसतं बघतंय.

मग सूर्यनमस्कार. औंध संस्थानच्या शाळांतून तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते सुरू केले. या शाळेत रोज पाच घालतात. बाई तमिळनाडूच्या पोराला पहिल्या रांगेत नाही, मधल्या रांगेत उभं करतात. पुढच्याचं बघून तो वाकतो, मागचा त्याचं बघून हसत नाही, कारण मागच्याला स्वतःचा तोल सांभाळायचाय. तिसऱ्या नमस्काराला तो सगळ्यांबरोबर उठतो.

नव्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून नाव विचारायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. बाईंनी ती बंद केलीय. मला ते फार पटलं. नवखं पोर आधी बसायला जागा शोधत असतं. नाव काय, दुपारपर्यंत सगळ्यांना कळतंच.

सकाळी ११:१५
जागा बाईंनी सकाळीच ठरवून ठेवल्यात. थोरलीशेजारी चौथीतली एक बडबडी मुलगी. गलाईवाल्याच्या पोराशेजारी एक अबोल पोरगा, अक्षर वळणदार. बाळ कोपऱ्यात सतरंजीवर, हातात खडूचा रिकामा डबा. धाकटा दुसरीत, पलीकडच्या खोलीत गुरुजींकडं.

वयानुसार वर्ग द्यायचा हा नियम आहे. म्हणजे अक्षर येत नसलं तरी पोर चौथीतच बसणार आणि चौथीत बसून अक्षर शिकणार. त्याला पहिलीत बसवलं असतं तर बाईंचं काम सोपं झालं असतं. पोराचं मात्र वाटोळं झालं असतं.

बाई फळ्यावर गुणाकार देतात. ३६ गुणिले २४. आकडे मुद्दाम मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत. पोरगं सगळ्यांच्या आधी ८६४ लिहून पाटी वर करतं. शेजारचा पाटीकडं बघतो, मग त्याच्याकडं. आणि आपली वही त्याच्याकडं सरकवतो, बघ म्हणून.

आता अक्षरं. बाई त्याच्याजवळ खाली बसतात. “तुझं गाव कुठल्या तालुक्यात?”

“खटाव.”

“लिही बरं.”

तो शेजाऱ्याच्या वहीतून अक्षरं शोधत शोधत लिहितो, कटाव. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर. तोंडानं तो ख स्वच्छ म्हणतो, हात मात्र क वरच जातो. बाई खोडत नाहीत. त्याचा तळहात त्याच्याच तोंडासमोर धरायला लावतात. “आता म्हण, क.” नंतर “ख.” दुसऱ्या वेळी तळहाताला वारा लागतो. पोरगं दचकून हसतं. पुन्हा म्हणतं, ग, घ. शेजारचाही आपला तळहात तोंडासमोर धरून बघतो. दोन मिनिटांत अख्खी चौथी तळहातावर फुंकत बसलीय.

१० रुपयांची चौरेघी वही बाई पर्समधून काढून देतात. असल्या वह्या त्या डझनावारी घेऊन ठेवतात.

थोरली वाचते चांगलं, ठासून. भागाकारात मात्र अडते. पत्रकावरही तेच लिहिलंय: हातचा येतो, भागाकार नाही. कुणा अनोळखी गुरुजींनी निळ्या शाईत लिहिलेली ती ओळ. तेवढ्या ओळीवर बाईंचे चाचणीचे दोन दिवस वाचतात.

दुपारी १:१५
ताटं धुऊन रांग. बाळाला मावशी आपल्या मांडीवर घेतात आणि मऊ भात कुस्करून भरवतात. थोरली पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे ठेवून जेवते.

जेवणासाठी शाळा बदलणं औंधला नवं नाही. साने गुरुजी दापोलीच्या शाळेतून इथं आले ते याचसाठी, गरीब मुलांना इथं शिक्षण आणि जेवण फुकट होतं. हाल काढून शिकले. मग गावात प्लेग आला आणि मुलांना घरी पाठवून दिलं. तिथून पुढं पुण्याचं नूतन मराठी विद्यालय. गदिमाही आटपाडी, कुंडल करत औंधच्या शाळेत आले. बाई हे चौथीला सांगतात. पोरं ऐकतात आणि भात मागतात.

दुपारी २:४०
लॅपटॉप शाळेचा, नेट बाईंच्या मोबाइलचं. यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर पेन नंबर टाकायचा. जुन्या शाळेनं मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं असेल तरच नव्या शाळेला उचलता येतं. टाकलेलं नाही. बाई दाखल्यावरच्या नंबरवर फोन लावतात. तिकडच्या बाईंना मराठी येत नाही, इकडच्यांना तमिळ. दोघी मोडक्या इंग्रजीत भागवतात. “टुमारो,” तिकडून उत्तर येतं. हजेरीपत्रकात नाव मात्र आजच्याच तारखेला चढतं.

धाकट्यासाठी बीडच्या शाळेला फोन. “पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका सर, शिक्का दिसेल असा.” दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तरी कागद हातात असलेला बरा. मार्चमध्ये पोर परत जाताना त्याचं वर्ष गळायला नको.

दुपारी ३:४०
मैदानावर खो-खो. धाकटा म्हणतो, “कामून मारतो रे?” दोघं-तिघं त्याची नक्कल करतात, “कामून, कामून!” त्याचे डोळे भरतात. गुरुजी रागवत नाहीत. नक्कल करणाऱ्यातल्या एकाला त्याच्या संघात टाकतात. धाकटा धावायला वाऱ्यासारखा आहे. दुसऱ्या डावाला सगळे त्याला आपल्याकडं मागतात.

संध्याकाळी ५:००
सुट्टी. थोरलीला भागाकाराची तीन गणितं घरी. “दिवा आहे का?”

“बॅटरी हाय.”

“मग दोनच कर.”

संध्याकाळी ६:५०
बाई घरी कणीक मळतायत. फोन वाजतो. ऊसतोड टोळीचा मुकादम. “बाई, परवा टोळी हलायची. फड संपला. नवा फड बारा किलोमीटरवर हाय.”

बाई हात धुतात. त्या बाजूच्या शाळेच्या सरांचा नंबर त्यांच्याकडं आहे. दरसाल लागतो.

“सर, परवा दोन मुलं येतील तुमच्याकडं. कोप्या कुठं पडतायत ते मुकादमाला विचारा, नंबर पाठवते. सकाळी सहाच्या आत जा, नंतर आईबाप भेटत नाहीत. मुलगा दुसरीत, त्याचं पत्रक बीडहून मागवलंय. मुलगी चौथीत. तिच्याबरोबर लहान बाळ असेल, त्याच्यासकट बसवून घ्या.”

पलीकडून काहीतरी विचारतात.

“वाचन चांगलं आहे. एक आकडी भागाकार आज सुरू केलाय, उद्या आणखी थोडा होईल. तुम्ही बाकी उरण्यापासून धरा.”