पल्लत्ती : चांगला मासा की वाईट मासा?



'मासे अंडी घालतात आणि निघून जातात' असं आपण वर्गात सहज सांगून टाकतो. पुष्कळ माशांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण केरळच्या बॅकवॉटरमधला एक चिमुकला मासा या वाक्याला अपवाद आहे. मल्याळममध्ये त्याला पल्लत्ती म्हणतात. मत्स्यालयाच्या दुकानात तो 'ऑरेंज क्रोमाइड' या नावाने मिळतो.

पल्लत्ती सिक्लिड कुळातला. या कुळातले बहुतेक मासे आफ्रिका आणि अमेरिकेतले. भारतात मूळचे फक्त तीन, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक थेट मादागास्करमध्ये! पल्लत्ती जेमतेम 8 सेंटिमीटरचा, पिवळा-केशरी, अंगावर ठिपके. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या गोड्या आणि मचूळ, म्हणजे निमखाऱ्या, पाण्यात तो राहतो.

आता त्याचा संसार बघा. नर-मादी मिळून पाण्यातली एखादी जागा साफ करतात. मादी तिथे अंडी चिकटवते. मग दोघंही पहारा देतात आणि पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळतं ठेवतात. पिल्लं पोहू लागली तरी आई-बाप सोबत असतातच. पिल्लं त्यांच्या अंगाला हळूच तोंड लावून त्वचेवरचा चिकट स्राव खातात. 1967 मध्ये वॉर्ड आणि बार्लो या संशोधकांनी पिल्लांच्या याच सवयीवर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून घरी टाकीत पल्लत्तीची पिल्लं झाली, तर लगेच वेगळी काढू नका.

याच पाण्यात त्याचा मोठा भाऊबंद राहतो, करीमीन. गोव्यात त्याला काळुंदर म्हणतात. 2010 मध्ये केरळने त्याला राज्यमासा केलं. पल्लत्ती या करीमीनच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. करीमीनची सफाई होते, पल्लत्तीचं पोट भरतं. आणि संधी मिळाली की हाच पल्लत्ती करीमीनची अंडी आणि इवली पिल्लंही खातो!

वर्गात हा पाठ तीन टप्प्यांत घ्या. आधी फक्त संसार सांगा आणि विचारा, "हा मासा चांगला की वाईट?" सगळे हात 'चांगला'कडे जातील. मग सफाईचं सांगा, पुन्हा विचारा. शेवटी अंडी खाण्याचं सांगा. आता वर्गात गोंधळ उडेल. उडू द्या. कुणी म्हणेल, "ढोंगी आहे!" कुणी म्हणेल, "त्यालाही भूक लागते की!" घाईने उत्तर देऊ नका.

मग फळ्यावर दोन रकाने करा : 'तो काय करतो' आणि 'त्याने काय होतं'. चांगला-वाईट हा रकाना ठेवूच नका. सहजीवन, भक्षण, पिल्लांचं संगोपन हे सगळे शब्द त्या-त्या वागण्याला लागू होतात, अख्ख्या माशाला नाही. एकाच जिवात तिन्ही गोष्टी असतात, हे मुलांना इथे नीट कळतं.

आणि जाता जाता आपल्यासाठीही. 'हा मस्तीखोर', 'ती मठ्ठ' असे शिक्के आपण किती पटकन मारतो! जे मूल गणिताच्या तासाला खोड्या काढतं, तेच मधल्या सुट्टीत धाकट्या भावाला डबा भरवत असतं. तेव्हा शिक्का मारण्याआधी दुसरा तासही बघूया.