मग गाडी काढून निघून का नाही गेले?

कॅलिफोर्नियातल्या वणव्याची बातमी आली की हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. आग ताशी ८-१० किलोमीटरने येते, गाडी ८० ने जाते, म्हणजे अडकले ते एकतर गाफील होते नाहीतर सामान बांधत बसले होते. ऐकून चीड येते, कारण या हिशेबात धूर धरलेलाच नसतो.

८ नोव्हेंबर २०१८ ची ‘कॅम्प फायर’ घ्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास पेटलेली ही आग दीडेक तासात ११ किलोमीटरवरच्या पॅराडाइस गावात शिरली. एवढ्या वेगाच्या पुढे सायकलवालाही राहील! तरीही शेजारच्या चिको शहरात जायला, जिथे एरवी अर्धा तास पुरतो, तिथे स्कायवे रस्त्यावर अनेकांचे कित्येक तास गेले. भर सकाळी काळोख झाला होता. २६ हजारांच्या वस्तीचं गाव एकदम निघालं आणि बाहेर पडायचे रस्ते मोजके, हे खरंच. पण होता तो रस्ताही धुराने खाल्ला. (त्या दिवशीच्या ८५ बळींपैकी बहुतेक घरात किंवा घराजवळ सापडले. त्यांत वयस्कर माणसं जास्त, आणि गाडी सगळ्यांकडे नव्हती.)

धूर रस्ता कसा खातो? ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढचं १० मीटरच दिसत असेल, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच धडक झालेली असते. म्हणून चालवणारा वेग उतरवतो. शंका असेल त्यांच्यासाठी: स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना आभासी रस्त्यावर, आभासी धुरात गाडी चालवायला दिली, धूर दाटला तसा वेग उतरत गेला. आता हिशेब करा. ताशी ५० चा वेग आणि दर २५ मीटरला एक गाडी, तर एका लेनमधून तासाला २००० गाड्या निघतात. वेग १५ वर आला आणि गाड्या १५ मीटरवर आल्या, तर १०००. कुणी चुकलं नाही, कुणी धडकलं नाही, तरी अर्धा रस्ता गेला. त्यात एक गाडी आडवी बंद पडली की उरलेलाही संपला.

आणि पोर्तुगालचं काय? १७ जून २०१७ ला पेद्रोगाव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली. त्यातली ४७ एन-२३६-१ या एकाच रस्त्यावर, गाड्यांत किंवा गाड्यांच्या आसपास. त्यांनी गाडी काढलीच होती.

बाकीचे समज थोडक्यात.

लोक म्हणे वेड्यासारखे सुसाट पळतात. खोटं. २०१६ मध्ये कॅनडातल्या फोर्ट मॅकमरेतून ८८ हजार लोक निघाले. आगीने थेट एकही बळी घेतला नाही, दोघे गेले ते रस्त्यावरच्या अपघातात. उत्तरेला अडकलेल्यांना नंतर ५०-५० गाड्यांचे ताफे करून, पुढे पोलीस आणि वर हेलिकॉप्टर ठेवून, धुमसत्या शहरातूनच दक्षिणेला काढलं.

धुरात अप्पर लावू नका. प्रकाश कणांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. पावसाळ्यात आंबोली घाट चढलेल्याला हे सांगायला नको. डिप्परच बरा.

धूर धुक्याहून विरळ असतो, हेही खोटं. दमट हवेत दोन्ही मिसळले की हाताचं बोट दिसत नाही. २३ ऑक्टोबर २०२३ ला लुइझियानात दलदलीतल्या आगींचा धूर धुक्यात मिसळला आणि महामार्गावर १५८ वाहनं एकमेकांवर आदळली. तिथे कुणी आगीपासून पळतही नव्हतं.

एसीची बाहेरची हवा बंद केली की कण कमी होतात, ते जरूर करावं. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याने अडत नाही.

आणि रस्ता तुंबला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने पॅराडाइसचा तो दिवस तासातासाने मांडला आहे. हजाराहून जास्त लोक वाटेतच थांबून वाचले, आणि त्यातले बरेच पार्किंगच्या मोकळ्या डांबरावर, जिथे जळायला काही नव्हतं.