वाऱ्याचा आडोसा

टूर द फ्रान्समध्ये चाकामागे चाक लावून सुसाट जाणारा सायकलस्वारांचा घोळका म्हणजे पेलोटॉन. बर्ट ब्लॉकेन या संशोधकाच्या चमूने 2018 साली 121 स्वारांच्या पेलोटॉनमधल्या हवेचा अभ्यास केला, आणि निष्कर्ष थक्क करणारा निघाला. एकट्या स्वाराला वाऱ्याचा जेवढा अडथळा होतो, त्याच्या जेमतेम 5 ते 10 टक्के अडथळा घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला होतो! ज्यांना हरवायचं, त्यांच्याच पाठीचा आडोसा घेऊन इथे जिंकावं लागतं.

उत्तेजक औषधांबद्दल स्वारांनी वर्षानुवर्षं पाळलेल्या मौनाचं एक मूळ मला या आडोशात दिसतं. 1966 साली टूरमध्ये पहिल्यांदा चाचण्या झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी स्वारांनी वाटेत सायकलवरून उतरून निषेध केला. राग औषधांवर नव्हता, तपासणाऱ्यांवर होता.

2004 मधला प्रसंग तर विलक्षण आहे. फिलिप्पो सिमेओनी या इटालियन स्वाराने उत्तेजकांच्या प्रकरणात एका डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. लान्स आर्मस्ट्राँग त्याच डॉक्टरचा सल्ला घेत असे. अठराव्या टप्प्यात सिमेओनी पुढे निसटलेल्या सहा जणांना गाठायला निघाला. शर्यतीतल्या आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे लागला. आर्मस्ट्राँग सोबत असेल तर पेलोटॉन कुणालाच सुटू देणार नाही, हे त्या सहा जणांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सिमेओनीला परत जायची विनंती केली आणि तो मागे फिरला. घोळक्यात त्याला शिव्याच मिळाल्या. खरं बोलणाऱ्याला वाळीत टाकायला कुणाला हातही लावावा लागला नाही!

2013 मध्ये आर्मस्ट्राँगने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली, पण ही फसवणूक आहे असं तेव्हा वाटलंच नाही, असंही सांगितलं. बहुतेक सगळेच घेतात, मग सगळे समान, असा तो हिशेब. शरीरशास्त्र मात्र हा हिशेब मोडीत काढतं. स्वार उत्तेजक म्हणून घेत ते ईपीओ हे मूळचं मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक. ते टोचून घेतलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. 1997 साली पुरुष स्वारांच्या रक्तात या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांपर्यंतच चालेल, असा नियम आला. ज्याचं मुळातलं प्रमाण 42, त्याला आठ अंकांची वाढ खुली. ज्याचं 48, त्याला फक्त दोनची. आणि ज्याने सुईच नाकारली, त्याला काहीच नाही.