सातचा भोंगा वाजला की अभ्यास! टाळाटाळ मोडणारी सवय कशी लागते?

'पाच मिनिटं मोबाइल बघतो, मग बसतो' म्हणता म्हणता रात्रीचे दहा वाजतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर तोडगा काढला. संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद.

हे का जमतं? 'आता बसू की नंतर?' हा प्रश्नच उरत नाही. भोंग्याने वेळ ठरवलेली असते आणि शेजारचा टीव्हीही बंद असतो.

सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे पुस्तकं घराघरांत, हाताशी ठेवली आहेत. करायचं ते जवळ, टाळायचं ते लांब.

२१ दिवसांत सवय लागते, हा समजच. लंडनमधील २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला आठ महिन्यांहून जास्त. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

आजच एक वेळ ठरवा, गजर लावा. तो वाजला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वही उघडा. दहा मिनिटं बसलात तरी चालेल. वेळ बदलू नका.