रांगेतला बीपी

घनसावंगीकडच्या एखाद्या वाडीवरची साठीतली आजी मोतीबिंदू दाखवायला जालन्याला निघते, तेव्हा तिचा दिवस अंधारातच सुरू झालेला असतो. एसटीत उभ्याने प्रवास, केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग. लघवीला लागलेली असते, पण नंबर जाईल म्हणून ती जागा सोडत नाही. अखेर स्टुलावर टेकते न टेकते तोच चोळीच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा गुंडाळला जातो. "आजी, बीपीची गोळी चालू आहे का?" ती उत्तर देत असतानाच आकडा येतो, १६८. ऑपरेशन लांबणीवर पडतं.

आजीला बीपी असेलही. पण या आकड्यावरून ते सांगता येत नाही.

मोजताना बोललं तर वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. तुंबलेली लघवी, अधांतरी पाठ, नुकताच घेतलेला चहा, दाढेखाली धरलेली तंबाखू यांची भर वेगळीच. हात कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. दंड हृदयाच्या पातळीखाली गेला की वरच्या रक्ताचा भार त्यावर येतो आणि दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटर दाब वाढलेला दिसतो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १३३ जणांवर हे तपासलं. टेबलावर टेकवलेल्या हातापेक्षा मांडीवरच्या हाताचा आकडा सुमारे ४ ने आणि लोंबत्या हाताचा साडेसहाने जास्त आला.

पट्ट्याची गोष्ट तर सव्वाशे वर्षांची आहे. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणला, तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा आकडा फुगवतो, हे १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवलं आणि पट्टा रुंद झाला. तरी आजही अनेक ठिकाणी सगळ्यांना एकच पट्टा लावतात. मोंढ्यात पोती उचलणाऱ्या हमालाचा भरदार दंड असो की गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचा, पट्टा तोच. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसने जास्त निघाला. एवढ्या फरकाने निरोगी माणसाला आयुष्यभराची गोळी लागू शकते!

सगळं नीट केलं तरी भीती उरतेच. मिलानमध्ये १९८३ साली मान्सिया आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांच्या धमनीत नळी ठेवून दाब सलग नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच तो सरासरी २७ ने उसळला आणि काही मिनिटांनी ओसरू लागला. यालाच पुढे 'व्हाइट कोट' बीपी म्हणू लागले. ते अगदीच निरुपद्रवी नसतं. अशा लोकांना पुढे खरा रक्तदाब जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून अधूनमधून तपासणी हवीच.

तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आता गावातल्या उपकेंद्रातही मोजतात. आशाताई लोकांना तिथे आणतात. पाठ टेकायला खुर्ची, हात ठेवायला टेबल, पाच मिनिटं शांतता आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजणी, एवढं तिथे सहज जमण्यासारखं आहे. घरी यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडावा आणि उरलेल्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवावी. घरची मर्यादा १३५/८५ आहे, दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा थोडी खाली. चालू गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. आकडा १८० च्या पुढे असून छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर पुन्हा मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

काहींचं याच्या अगदी उलट होतं, दवाखान्यात आकडा नॉर्मल आणि शेतात, घरात चढलेला. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.