भीती कोणती?

मुर्रीतल्या एका दवाखान्यात भीतीच्या पाच बाटल्या आहेत. लाकडी खोक्यात एकूण ३८ बाटल्या, करंगळीएवढ्या, आणि भीतीच्या पाच अगदी हाताशी, कारण सगळ्यात जास्त त्याच लागतात. ज्या गोष्टीचं नाव घेता येतं तिची भीती म्हणजे मिम्युलस: कुत्रा, इंजेक्शन, बचत गटाचा हप्ता. कशाची ते सांगता येत नाही, पण दिवेलागणीला छातीत धडधडतं, तिथे अ‍ॅस्पेन. हातपाय गार पडतील अशी दहशत असेल तर रॉक रोझ. आपल्याच हातून काहीतरी भलतं होईल असं वाटत असेल तर चेरी प्लम. आणि भीती स्वतःसाठी नसून दुसऱ्यासाठी असेल, तर रेड चेस्टनट.

मुर्री गोंदिया शहराला लागूनच आहे. इथल्या एका होमिओपॅथ डॉक्टरबाई गोळ्यांच्या जोडीला डॉ. बाख यांची पुष्पौषधी देतात. लोक त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांच्या परवानगीने, आणि समोर बसलेल्याची हरकत नसेल तेव्हाच, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांचं काम पाहत आले आहे.

एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. "मले झोपच नाही येत जी."

मॅडमनी वहीत काहीच लिहिलं नाही. "पडल्यावर डोळा लागतच नाही, की लागून उघडतो?"

"लागते. मंग दोन वाजता उघडते."

"उघडल्यावर पहिल्यांदा काय आठवतं?"

मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. रात्रपाळी. मोटारसायकलने जातो, फोन उचलत नाही. इथवर ऐकून मी मनात रेड चेस्टनट ठरवून मोकळी झाले असते. मॅडम थांबल्या नाहीत. "आणि दिवसपाळी असते तेव्हा?" बाई जरा गप्प झाल्या. दिवसपाळीतही दोनलाच जाग येते. मग आणखी थोडं विचारल्यावर कळलं की तेव्हा मुलगा आठवत नाही. तेव्हा आठवतं ते नणंदेशी झालेलं बोलणं, कितीतरी जुनं. ती काय म्हणाली, आपण काय म्हणायला हवं होतं, पुन्हा ती काय म्हणाली असती. ही भीती नव्हेच. तेच ते विचार डोक्यात फिरत राहतात, त्याला व्हाइट चेस्टनट. दोन्ही चेस्टनटच, पण एक लाल फुलाचं आणि एक पांढऱ्या. बाईंना दोन्ही मिळाली, पण वहीत पांढऱ्याचं नाव वर लिहिलं गेलं.

एका मनःस्थितीला तिच्या शेजारणीपासून वेगळं काढायचं, हेच इथलं खरं काम. थकवा म्हटला तर तो कामाने आलेला, की काम सुरू करण्याआधीच आलेला? पहिल्याला ऑलिव्ह, दुसऱ्याला हॉर्नबीम. उदासी म्हटली तर तिला कारण आहे का? धान पावसात भिजलं म्हणून खचलेल्या माणसाला जेन्शियन, आणि कशाने काही व्हायचं नाही असं धरून बसलेल्याला गॉर्स. काहीच घडलं नसताना आभाळ भरून यावं तसं मन भरून येत असेल तर मस्टर्ड. हो, तीच आपली मोहरी, निदान त्याच कुळातली.

ही विभागणी करणारे एडवर्ड बाख १८८६ साली बर्मिंगहॅमजवळ जन्मले. ते जंतुशास्त्रज्ञ होते, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये आणि पुढे तिथल्याच होमिओपॅथिक रुग्णालयात त्यांनी काम केलं. रोग एकच असला तरी माणसं त्याला निरनिराळ्या स्वभावाने सामोरी जातात, हे तिथे त्यांच्या डोळ्यात भरलं. १९३० मध्ये चालती प्रॅक्टिस सोडून ते फुलांच्या शोधात वेल्सकडे निघाले. १९३६ साली वयाच्या पन्नाशीत ते वारले, तोवर ३८ औषधं ठरली होती. त्यातलं रॉक वॉटर तर फुलाचं नाहीच, नुसतं झऱ्याचं पाणी आहे. स्वतःला फार कडक शिस्तीत जखडणाऱ्यांसाठी.

औषध करायची रीत साधी आहे. पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी मॅडमनी ती अंगणातल्या तेरड्यावर करून दाखवली. तेरडाच का, तर बाख यांना पहिल्यांदा सापडलेल्या फुलांत त्याचाच एक भाऊबंद होता. तो मूळचा हिमालयातला. इंग्रजांनी बागेसाठी नेला आणि तिकडच्या नदीकाठांवर तो माजला. उतावळ्या माणसांसाठी तो देतात. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच तडकतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला ही जोडी पटकन समजेल.

पातळ काचेचा वाडगा, स्वच्छ पाणी, वर निरभ्र आभाळ. फुलांना हात लागू नये म्हणून मध्ये पान धरून ती खुडायची आणि पाण्यावर अशी पसरायची की पाणी दिसू नये. वाडगा तीन तास उन्हात ठेवायचा, वर कशाची सावली पडू द्यायची नाही. फुलं त्याच झाडाच्या काडीने काढायची, हाताने नाही. उरलेल्या पाण्यात तेवढीच ब्रँडी घातली की झाला मूळ अर्क. झाडाझुडपांच्या काही फुलांना ऊन पुरत नाही, ती अर्धा तास उकळतात. तेरड्याचं ते पाणी मॅडमनी नंतर झाडालाच घातलं. तो ३८ मध्ये नाही, आणि जे यादीत नाही ते त्या कोणाला देत नाहीत.

रुग्णाची बाटली भरताना मूळ अर्काचे दोन थेंब ३० मिली ब्रँडीत, आणि त्यातले दोन थेंब ३० मिली पाण्यात जातात. दिवसातून चार वेळा चार-चार थेंब घ्यायचे. गोंदियाच्या उन्हाळ्यात नुसतं पाणी टिकत नाही म्हणून त्यात चमचाभर ब्रँडी लागते, आणि इथेच बऱ्याच घरांत अडतं. दारूने ज्या घराची धूळधाण केली आहे तिथली बाई बाटलीचं झाकण उघडून वास घेते आणि बाटली परत सरकवते. तिच्यासाठी मॅडम साखरेच्या गोळ्या अर्काने ओल्या करून झाकण न लावता वाळवतात. वास उडून गेला की मगच पुडी बांधतात.

हिशोब केला तर वाडग्यातल्या पाण्याचा पावणेदोन-दोन लाखांत एक भाग रुग्णाच्या बाटलीत पोचतो. संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली या औषधांच्या सात चाचण्या तपासल्या. ज्यांत अर्काच्या थेंबांची नुसत्या थेंबांशी तुलना होती, त्यांपैकी एकीतही परिणामात फरक आढळला नाही. मला हे निर्णायक वाटतं. फुलाचा गुण पाण्यात उतरतो यावर माझा विश्वास नाही, आणि मॅडमना मी ते सांगितलं आहे. त्यांचा आहे. पण बरं वाटून जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं बरं वाटणं खोटं नव्हतं. दोन वाजता नेमकं काय आठवतं, हे त्या बाईंना त्याआधी कोणी विचारलंच नव्हतं. घरात त्यांचं सगळंच "टेन्शन" या एका नावाखाली जमा होत होतं. भीती कोणती आणि कोणासाठी, एवढं उलगडल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं की पोराने कामावर पोचल्याचा एक मिसकॉल द्यायचा. नणंदेचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. असं विचारायला ना ब्रँडी लागते ना फूल. आशाताईंना, शाळेतल्या बाईंना हे विचारणं शिकवता आलं तर किती गावांत उपयोग होईल.

बाटली कुठे द्यायची नाही, याबाबत मात्र मॅडम आणि मी एका बाजूला आहोत. जगून काय करू, असं कोणी म्हणालं, कानात आवाज येतात म्हणालं, अन्नपाणी सुटलं असेल, तर खोकं उघडतच नाही. त्याला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराकडे पाठवतात, सोबत कोण जाणार ते तिथेच ठरतं, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून दिला जातो. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असलेल्याला पहिली ताकीद असते, त्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या बाई परत आल्या. मॅडमनी "बरं आहे का?" असं विचारलं नाही, त्या नुसत्या ऐकत राहिल्या. सून, धानाचा बोनस, गुडघा असं सगळं बोलण्यात आलं. नणंदेचं नाव निघालं नाही तशी मॅडमनी वहीत पांढऱ्या चेस्टनटवर बारीक रेघ मारली. उठता उठता बाई म्हणाल्या, "मॅडम, माह्या जावेलेबी झोप नाही येत. हेच औषध तिच्यासाठी देता का?"

"त्यांना घेऊन या."

"तिचं बी असंच आहे जी."

"असेल. पण त्यांना घेऊन या."