अपत्यहीन दांपत्याची शेती : मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र

आर्णीच्या परिसरात कपाशीच्या काळ्या जमिनीत नवरा-बायको दोघेही राबतात. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा एकाचेच असते. मूलबाळ नसलेल्या दांपत्यास ही गोष्ट पुढे फार महाग पडते.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यान्वये अपत्यहीन पुरुष मृत्युपत्र न करता वारला व त्याची आई हयात असली, तर जमीन पत्नी आणि आई यांच्यात समसमान विभागली जाते. पुढे पत्नीही मृत्युपत्रावाचून वारली, तर तिचा हिस्सा नवऱ्याच्या वारसांकडे वळतो; म्हातारपणी तिची सेवा करणाऱ्या भाचीस काहीच मिळत नाही. उलट, तिला आईबापांकडून वारशाने आलेले शेत नवऱ्यास न मिळता तिच्या पित्याच्या वारसांकडे परत जाते. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

यास्तव दोघांनीही स्वतंत्र मृत्युपत्र करावे, आणि जोडीदार आधीच वारल्यास जमीन कोणास द्यावयाची, हेही त्यात लिहावे. त्यास मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तथापि दुय्यम निबंधकाकडे ती करून घेणे शहाणपणाचे. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत. मुसलमान कुटुंबांत वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

पुतण्यास मुखत्यार नेमले म्हणजे पुढची सोय झाली, हा समज चुकीचा होय. लिहून देणारा वारला किंवा त्यास बुद्धिभ्रंश झाला, की 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र सामान्यतः संपुष्टात येते. म्हणून त्यात बँक, पीककर्ज, बाजार समिती अशी कामे नेमकी नमूद करावीत. जमीन विकण्याचा अधिकार सहसा देऊ नये.